मुद्दाम मागे

“जिवंत आहात ना? असाल तर एक हात हलवा. दोन्ही नकोत, उगाच दमाल.”

मी डोळे न उघडताच एक हात हलवला. नॉर्डालच्या बंद पडलेल्या स्टेशनच्या फलाटावर मी उताणी पडले होते. पोटावर हेल्मेट, पोटऱ्यांत गोळे, आणि माझी नवीकोरी सायकल भिंतीला टेकून अशी टवटवीत उभी, जणू या सगळ्या प्रकाराशी तिचा काडीचा संबंध नाही.

“छान,” तो आवाज म्हणाला. “आता खरं सांगा. सकाळी पुलापर्यंत जाताना वाटलं असेल ना, की आपण जन्मजात सायकलपटू आहोत?”

आता मात्र मी डोळे उघडले. कारण मला अगदी तसंच वाटलं होतं. आमच्या केसविल गावाहून निघाल्यावर दोन मैलांवर बोगदा लागतो, आणि बोगद्यापलीकडे नऊ मैल थेट नदीच्या पुलापर्यंत वाट जाते. ते नऊ मैल मी त्या मे महिन्याच्या सकाळी वाऱ्यासारखी गेले होते. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, सायकल घेऊन जेमतेम चार दिवस झालेले असताना. पुलावर सँडविच खाताना मी मनातल्या मनात माझ्या आधीच्या नवऱ्याला फोनसुद्धा लावला होता. तो सध्या फ्लोरिडात असतो आणि दुसऱ्या बाईचा असतो. मग परत फिरले, आणि चार मैलांत माझा जीव कंठाशी आला.

समोर एक उंच, सडपातळ म्हातारा उभा होता. पांढऱ्या मिशा, मोठे कान, आणि चष्म्याच्या काचा शर्टाच्या टोकाने पुसत असलेला. चष्म्याविना त्याचे करडे डोळे फार मऊ दिसत होते.

“चढ आहे हा,” तो म्हणाला. “डोळ्याला दिसत नाही, पायाला कळतो. रेल्वेची वाट आहे ना, गाडीला चढवेल एवढीच उंचावते. शंभर फुटांत एखादा फूट. जाताना कुणाला पत्ता लागत नाही, सगळे खूश असतात. येताना मात्र… मी तुमच्यासारखे बरेच जण या फलाटावरून उचललेत.”

“उचललेत?”

“शब्दशः नाही. घाबरू नका.”

त्याचं नाव ऑरिन हॉगन. दर मंगळवारी केसविलची दहाबारा निवृत्त मंडळी या ट्रेलवर, म्हणजे जुन्या रुळांच्या जागी केलेल्या सायकलवाटेवर, सायकली चालवतात आणि तो त्यांचा ‘झाडू’ होता. म्हणजे सगळ्यात मागे राहायचं, कुणी पंक्चर झालं, दमलं, रेंगाळलं, तर त्याला गोळा करून आणायचं. झाडूने कधी कुणाच्या पुढे जायचं नाही, हा नियम. मंडळी पुढे निघून गेली होती.

“पण मी तुमच्या मंडळींतली नाही,” मी उठून बसत म्हटलं.

“या वाटेवर आत्ता सगळ्यात शेवटी तुम्ही आहात,” तो म्हणाला. “त्यामुळे मी तुमच्या मागे. सावकाश चला. मला कुठेही जायचं नाहीये.”

मी एकतीस वर्षं स्कूलबस चालवली आहे. माझ्या मागे कायम पन्नास पोरं आणि रस्त्यावर वैतागलेल्या गाड्यांची रांग असायची. पण ‘मला कुठेही जायचं नाहीये’ असं मागून कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही. उरलेले मैल आम्ही रमतगमत संपवले. बारीक खडी टायरखाली कुरकुर करत होती, दोन्ही बाजूंनी रानटी सफरचंदाचा फुलोरा होता आणि मागून अधूनमधून तो आवाज येत होता. आता डावीकडे वासरं दिसतील. आता थोडं पाणी प्या. बोगद्यात सायकलवरून उतरून चालावं लागतं, तिथे त्याने दिवा माझ्या पायांवर धरला. छतातून गार पाणी ठिबकत होतं. पूर्वी याच मार्गावर तो मालगाडीवर गार्ड होता, शेवटच्या डब्यातला, असं त्याने सांगितलं. रूळ उखडले तेव्हा तो अडतीस वर्षांचा होता.

“म्हणजे तुम्हाला मागे राहायची जुनीच सवय,” मी म्हटलं.

“मागून सगळं नीट दिसतं,” तो म्हणाला. बोगद्यात अंधार होता हे बरंच झालं.

पुढच्या मंगळवारी मी वेळेआधी अर्धा तास हजर होते.

मंडळींची पुढारी लव्हॉन. ती पूर्वी पोस्टात होती आणि अजूनही माणसं पाकिटांसारखी उलटून बघते. तिने मला, माझ्या सायकलला आणि माझ्या नव्या फुलाफुलांच्या शर्टाला न्याहाळलं आणि मला यादीत घातलं. माझी सायकल हायब्रिड आहे. म्हणजे पाठीला पोक काढून शर्यत मारायची नव्हे आणि डोंगरावरून उड्या मारायचीही नव्हे. ताठ बसा, रुंद सीटवर निवांत टेका, डांबर असो की खडी, ती कुरकुर करत नाही. बस चालवायची सवय म्हणून मी हँडलला आरसा लावून घेतला होता.

आता आरशाबद्दल सांगायलाच हवं. सुरुवातीला खरोखरच मी शेवटची असायची, त्यामुळे तो सतत माझ्या मागे असायचा, आणि त्यामुळे सतत आरशात असायचा. गोल, तळहाताएवढ्या काचेत एक उंच माणूस. कधी झाडांकडे बघणारा, कधी काहीतरी गुणगुणणारा, कधी… माझ्याकडे. तेव्हा मी पटकन रस्त्याकडे बघायची. एकदा तो म्हणाला, “आरशात बघताना तुझी सायकल उजवीकडे सरकते, आर्डिस.” जूनपर्यंत आम्ही अरे-तुरेवर आलो होतो.

“मी गाड्या बघते.”

“या वाटेवर शेवटची गाडी माझीच होती,” तो म्हणाला. “त्यालाही तेहेतीस वर्षं झाली.”

मग मी खरंच उजवीकडे सरकले आणि गवतात शिरले. त्याने हसत हसत सायकल बाहेर काढली, माझ्या बाहीला लागलेली कुसळं एकेक करून वेचली. दोन मिनिटांचं काम त्याने पाच मिनिटं पुरवलं आणि मी ते पुरवू दिलं.

पण एक घोटाळा झाला. माझे पाय तयार होत गेले. जुलै लागेपर्यंत तो न दिसणारा चढ मला सोपा जायला लागला. दम लागेना, गोळे येईनात. एका मंगळवारी माझ्याही नकळत मी चौघांना मागे टाकलं, आरशात बघितलं तर तिथे ड्वेन. ड्वेन निवृत्त दंतवैद्य आहे आणि त्याचा खुबा बदललेला आहे. ही दुसरी गोष्ट तो पहिलीच्याही आधी सांगतो. ऑरिन कुठे तरी पाव मैल मागे, तेव्हा शेवटी असलेल्या बेव्हर्लीबाईंबरोबर, वासरं दाखवत.

मी घरी गेले, गुडघ्यांना मलम चोळलं नाही कारण ते दुखतच नव्हते, आणि फार वाईट वाटून घेतलं. सदुसष्टाव्या वर्षी आपण एवढ्याशा गोष्टीने रडवेल्या होतो याचं मला हसूही आलं. पण रडू आलं ते आलंच.

पुढच्या मंगळवारी मी हळू चालवली. मुद्दाम. बेव्हर्लीबाईंहून हळू चालवायची म्हणजे सायकल पडू न देण्याचीच कसरत असते, पण मी ती केली. दर बाकाशी थांबले. नॉर्डालच्या चढाला उतरले, छातीवर हात ठेवला आणि दोन मोठे श्वास सोडले. ऑरिन लगेच उतरला, माझी सायकल धरली, मला बसवलं. पिशवीतून ताज्या चीजचे तुकडे काढले, दाताखाली करकर वाजणारे, आणि आम्ही दोघं बसून ते वाजवत राहिलो. त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता. त्याने तो हलवला नाही.

मग मी सगळा जुलै तेच केलं. लाज वाटायची, पण मंगळवार आला की कमी वाटायची. लव्हॉनला पहिल्याच आठवड्यात कळलं. मला बाजूला घेऊन ती म्हणाली की बुधवारी तिने मला ट्रेलवर एकटीला पाहिलं होतं, आणि मी अशी सुटले होते की मागे धूळ दिसत होती. आता हे ढोंग किती दिवस चालायचं? मी म्हटलं, पानगळीपर्यंत तरी. ती हसली नाही. मला वाटलं, तिला हेवा वाटतोय.

ऑरिन मात्र बदलत चालला होता. पूर्वी बाकावर बसलं की चेष्टा करायचा, आता माझ्या चेहऱ्याकडे टक लावून बघायचा. कपाळाला आठ्या. एकदा विचारलं, असं किती दिवसांपासून होतंय? जिना चढताना होतं का? झोपल्यावर? मला ते प्रेम वाटलं, आणि होतंही ते, पण मला वाटलं तसलं नाही.

“डॉक्टरला दाखवलंस?” त्याने विचारलं.

“काही नाही रे. थकवा आहे,” मी लाडात म्हटलं. “वय झालं.”

त्याने हातातला चीजचा तुकडा तसाच परत पिशवीत ठेवला आणि उठला. उरलेल्या वाटेत आरशात तो होता, पण एकदाही वर बघत नव्हता.

पुढच्या मंगळवारी झाडू ड्वेन होता. ऑरिनने सांगितलं की फार वर्षं मागे राहिलो, आता जरा पाय मोकळे करतो, आणि तो सगळ्यांच्या पुढे निघून गेला. त्या दिवशी मी खुब्याच्या सांध्याबद्दल इतकं शिकले की स्वतः बदलू शकले असते. आणखी एक मंगळवार गेला, मग आणखी एक. पुलावर सगळे एकत्र जेवायला बसत, तेव्हा तो दूरच्या टोकाला बसायचा. मी जवळ गेले की त्याला टायरमधली हवा आठवायची.

ऑगस्टच्या शेवटी त्याने जाहीर केलं. सप्टेंबरच्या दुसऱ्या गुरुवारी निघायचं, सगळे ट्रेल जोडून या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकशे एक मैल, चार दिवस, रात्री गावागावांतून मुक्काम. ही वाट एकदा पूर्ण करायची असं तो कितीतरी वर्षं म्हणत होता. गार्ड असताना तो कधी आपल्या तुकड्याच्या पलीकडे गेलाच नव्हता. एक जोडीदार हवा.

“ज्याला चढ झेपतो त्यानेच सांगावं,” तो म्हणाला. आणि माझ्या डोक्यावरून पलीकडच्या झाडांकडे बघितलं.

मला झेपत होता. चढ, एकशे एक मैल, चार दिवस, सगळं झेपत होतं. त्या पुलावर बसलेल्यांत लव्हॉन सोडली तर माझ्याइतके पाय कुणाचे तयार नव्हते. आणि ते सांगायचं तर गेल्या दोन महिन्यांचा सगळा तमाशा सांगायला हवा होता. मी तोंड उघडलं, मिटलं. ड्वेनने हात वर केला. खुब्याची परीक्षा होईल, म्हणाला.

त्या संध्याकाळी मी लव्हॉनकडे गेले. ती रुबार्ब पाई कापत होती. मी म्हटलं, त्याला माझा कंटाळा आला. रोज रोज हळू बाईबरोबर कोण फिरणार? माझंच मला भोवलं.

लव्हॉनने सुरी खाली ठेवली.

“तुला मार्लिस माहीत नाही,” ती म्हणाली. “माझी मावसबहीण. त्याची बायको.”

ती गेली एवढं मला माहीत होतं, चार वर्षांपूर्वी. ऑरिनने तेवढंच सांगितलं होतं.

“कशी गेली ते नाही सांगणार तो. त्या उन्हाळ्यात ती चालताना थांबायची. छातीवर हात ठेवायची. विचारलं की म्हणायची, काही नाही रे, थकवा आहे, वय झालं. त्याने ऐकलं, वेळेत डॉक्टरकडे नेलं नाही. तो सारखं म्हणतो, मी ऐकलं. फेब्रुवारीत ती गेली.” लव्हॉन माझ्याकडे बघत होती. “तू जसा हात ठेवतेस ना, आर्डिस, अगदी तसाच. मला वाटलं तुझं तुलाच उमजेल. चूक झाली, आधीच सांगायला हवं होतं.”

मी ती पाई खाल्ली नाही. मला ते दोन महिने एकेक करून दिसायला लागले. आठ्या, ते प्रश्न, पिशवीत परत गेलेला तुकडा. मी त्याला जवळ बसवण्यासाठी त्याच्या आयुष्यातली सगळ्यात वाईट गोष्ट त्याच्यासमोर दर मंगळवारी करून दाखवत होते, आणि वर लाजत होते. आता खरं सांगितलं तर तो मला कधीच माफ करणार नाही असं वाटलं. नाही सांगितलं, तर तो मी मरण्याची वाट बघत राहील, लांबून. रात्रभर विचार करण्यासारखं त्यात काही नव्हतं. सांगायलाच हवं होतं. आणि फोनवर नाही.

पण पुढच्या मंगळवारी तो सापडेच ना. सकाळी सगळ्यांच्या पुढे निघाला. पुलावर मी त्याच्याकडे जायला उठले, तर तो म्हणाला आज लवकर परततो, सामान बांधायचंय. आणि निघाला. मी डबा तसाच लव्हॉनच्या हातात दिला.

“जा,” ती म्हणाली.

मी गेले. नऊ मैल चढ. मे महिन्यात ज्याने मला फलाटावर पाडलं होतं तोच. या वेळी एकाही बाकाशी थांबले नाही. ताठ बसायची माझी सायकल, तिच्यावर मी शर्यतवाल्यांसारखी वाकले. नॉर्डालच्या वळणावर तो दिसला, लांब, एक निळा ठिपका. मी गिअर चढवला. आता खरा दम लागला होता, छातीत भाता चालला होता आणि हसण्यासारखी गोष्ट अशी की छातीवर हात ठेवायला हात मोकळा नव्हता. ठिपक्याचा माणूस झाला, माणसाला मोठे कान फुटले, आणि तो बोगद्यात शिरला. मी तोंडाशी उतरले आणि सायकल ढकलत अंधारात धावले.

आत गार हवा, ठिबकणारं पाणी, आणि पुढे त्याचा दिवा. माझा श्वास भिंतींवरून घुमत होता. दिवा थांबला.

“कोण आहे?” मग एकदम वेगळ्या आवाजात, “आर्डिस? खाली बस. बस आधी. सायकल सोड.”

“मला काही झालेलं नाही.”

“बस म्हणतो ना.” तो माझ्याकडे येत होता. दिवा हलत होता.

“ऑरिन, थांब तिथेच. मला बोलू दे, नाही तर परत धीर होणार नाही.” मी एक श्वास घेतला. “मला काहीही झालेलं नाही. तेव्हाही नव्हतं झालं. जुलैपासून मी मुद्दाम हळू चालवत होते. छातीवर हात ठेवत होते. सगळं खोटं. झाडू शेवटच्याबरोबर असतो, म्हणून मला शेवटचं राहायचं होतं. तुझ्याबरोबर. एवढंच. मला मार्लिसचं माहीत नव्हतं. गेल्या आठवड्यात कळलं.”

दिव्याचा उजेड खाली वळला. त्याचा चेहरा मला दिसत नव्हता. पाणी ठिबकत राहिलं.

“मी माझ्या डॉक्टरला जाऊन विचारलं तुझ्याबद्दल,” तो शेवटी म्हणाला. हळू. “नाव न सांगता. तो म्हणाला, त्या बाईला ताबडतोब घेऊन या. मी दोनदा तुझ्या दारापर्यंत आलो. बेल नाही दाबली. मला वाटलं, परत तेच… मी ठरवलं की मला तू आवडत नाहीस. तसं ठरवून बघितलं. पुढे पुढे चालवत राहिलो म्हणजे तुझा श्वास ऐकू येणार नाही.”

“ऑरिन…”

“नको. आत्ता नको.”

तो वळला आणि सायकल ढकलत चालू लागला. मी मागून. त्या बोगद्यात माझ्या आयुष्यातला सगळ्यात लांबचा रस्ता मी चालले. मला वाटलं, संपलं. तो बाहेर पडेल, सायकलवर बसेल आणि जाईल, आणि त्यात त्याचं काहीच चुकणार नाही.

तो बाहेर पडला. सायकल कठड्याला टेकवली. मी उन्हात आले तेव्हा तो माझ्याकडे तोंड करून उभा होता, लाल झालेला.

“हात दे,” तो म्हणाला.

“कशाला?”

“दे.”

त्याने माझ्या मनगटावर तीन बोटं ठेवली आणि डाव्या हातातल्या घड्याळाकडे बघायला लागला. मिशांखाली ओठ हलत होते.

“एकशे वीस.”

“नऊ मैल चढून आले आहे मी.”

“गप्प राहा. बोललीस की वाढते.” पुन्हा मोजलं. “एकशे चार.” आणखी एकदा. मी श्वास रोखला होता तेही त्याला कळलं, कारण तो ‘श्वास घे’ म्हणाला. “ब्याण्णव.”

“बघ,” मी म्हटलं. “येतेय खाली.”

“मार्लिसची यायचीच नाही. तासभर बसली तरी.” तो घड्याळाकडेच बघत होता. “शेवटी शेवटी शिकलो हे मोजायला. काय उपयोग.” मग त्याने वर बघितलं. “मी फार चिडलोय तुझ्यावर.”

“माहीत आहे.”

“सदुसष्ट वर्षांची बाई. छातीवर हात काय, उसासे काय…”

“वाईट करत होते का?”

“उत्तम करत होतीस, तीच तर तक्रार आहे.” त्याच्या मिशा किंचित हलल्या आणि पुन्हा स्थिर झाल्या. “पण समज, तू ठणठणीत आहेस. समज, मी पण आहे. मी एकाहत्तर, तू सदुसष्ट. कधी तरी दोघांतलं एक आधी जाणारच ना, आर्डिस? ते पुन्हा एकदा… मला जमेल की नाही, खरंच माहीत नाही.”

मी मनगट तसंच त्याच्या बोटांत राहू दिलं.

“मलाही माहीत नाही,” मी म्हटलं. “पण मला तू आवडतोस. फार आवडतोस. हे म्हणायला मला दोन महिने आणि नऊ मैल लागले, आता शब्द परत घेणार नाही. कधी तरी मी जाईन, किंवा तू जाशील. येत्या गुरुवारी मात्र मला एकशे एक मैल सायकल चालवायची आहे. तू बरोबर घेतलं नाहीस तर मागून येईन.”

“ड्वेनचं काय करू?”

“त्याला सांग, खुब्याला विश्रांती हवी. तो तुझे आभार मानेल.”

तो हसला नाही. पण नाही असंही म्हणाला नाही. खाली बघून पुन्हा मोजू लागला आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

“परत वाढली. एकशे दहा. आता का वाढली?”

“तू हात धरला आहेस म्हणून.”

त्याचे ते मोठे कान टोकापर्यंत लाल झाले. एवढ्यात बोगद्यातून दिवे आले, मग मंडळी आली, आणि सगळ्यांच्या पुढे माझा डबा हँडलला लटकवलेली लव्हॉन. तिने आम्हा दोघांना पाकिटांसारखं उलटून बघितलं.

“झाला का पंचनामा?” तिने विचारलं.

“चालू आहे,” ऑरिन म्हणाला. “तुम्ही व्हा पुढे. ड्वेन, तूही जा. आमच्या मागे कुणी नको.”

एकेक घंटी वाजवत सगळे गेले. ड्वेन जरा रेंगाळला, पण लव्हॉनने त्याला खुब्याबद्दल काहीतरी विचारलं आणि तो खूश होऊन तिच्याबरोबर निघाला. खडीचा आवाज लांब लांब होत थांबला. घड्याळाचा हात ऑरिनने केव्हाच खाली सोडला होता. दुसरा मात्र माझ्या मनगटावर तसाच होता.

“किती झाली?” मी विचारलं.

“मोजत नाहीये,” तो म्हणाला.